आईची गोधडी दीड वर्ष कपाटात आहे. तुम्ही अर्धवट काम पुन्हा हाती कसं घेता?

सुईदोरा (नेरूळ)

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते.

२०२२ च्या डिसेंबरात आई गेली. तिच्या सुती साड्या कुणाला द्यायला हात होईना. म्हणून सात साड्या काढल्या आणि गोधडी शिवायला घेतली. वरचा थर तिच्या चौकड्यांच्या साड्यांचा, मध्ये दोन जुन्या मऊ धोतरांचा, खाली एक अख्खी फिकट जांभळी साडी. साडेपाच फूट लांब, चार फूट रुंद. धावदोऱ्याच्या ओळी, दोन ओळींत बोटभर अंतर. सुरुवातीचे तीन महिने झपाटल्यासारखी शिवत होते. मग ऑफिसात धावपळीचा काळ आला, मुलाची दहावी आली आणि गोधडी कपाटाच्या वरच्या खणात गेली. तिला आता दीड वर्ष होईल. जेमतेम एक तृतीयांश झाली आहे.

वेळ मिळत नाही असं नाही. महापेहून साडेसातला घरी येते, नऊनंतर तासभर मोकळा असतो. पण तो तास फोनवर जातो. रविवारी बसू म्हणते, तर एवढी मोठी गोधडी पसरायला हॉलमधलं टीपॉय, खुर्च्या, सगळं हलवावं लागतं. सिडकोच्या वन रूम किचनमध्ये जागा कितीशी असणार! पसरेपर्यंत कुणीतरी येतं, नाहीतर कुकर लावायची वेळ होते. आणि खरं सांगायचं तर खण उघडला की आईच्या साड्यांचा वास येतो आणि मी खण बंद करते.

वेळ कसा काढायचा हे मी विचारत नाहीये. थांबलेल्या कामात पुन्हा पाय कसा टाकायचा, हे विचारतेय. चित्रं, विणकाम, लेखन, बागकाम, लाकूडकाम, तुमचं काहीही असो. तुमचं काम कुठे अडलं होतं आणि मग ते कसं सुटलं?

अबोली_चरई

ताई, वाचून गलबलून आलं. माझ्याकडे उत्तर नाही, पण धागा डोळ्यांसमोर ठेवतेय. माझी तीन अर्धी स्वेटरं आहेत आणि ज्या बाळासाठी पहिलं विणायला घेतलं होतं तो आता चौथीत आहे.

तीनहातनाका

माझी गोष्ट रेडिओची. वडील मर्फीत होते. ठाण्यात मर्फीचा कारखाना होता, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक असेलच. घरात त्यांचा एक वाल्वचा सेट होता, लाकडी पेटीचा. वडिलांनंतर तो माळ्यावर गेला. निवृत्त झालो तेव्हा ठरवलं, हा वाजवायचा.

पहिल्या आठवड्यात पेटी उघडली, धूळ झाडली, आत पाहिलं आणि छातीच दडपली. ऐंशी-नव्वद जोड, वायरींवरचं रबर हात लावला की भुगा होऊन पडतंय, कागदी कपॅसिटरांतून मेण ओघळलेलं. पेटी पुन्हा बंद केली आणि सहा महिने तिच्याकडे बघितलंही नाही.

नंतर मी सेट स्वयंपाकघरातल्या एका मोठ्या ट्रेमध्ये ठेवला. सोबत सोल्डरिंग आयर्न, कटर आणि एक वही. नियम एकच केला, रोज एक भाग. एक जुना कपॅसिटर काढायचा, नवा लावायचा, वहीत खूण करायची, ट्रे कॉटखाली सरकवायचा. वीस मिनिटं. कधी मन लागलं तरी दुसरा भाग करायचा नाही, कारण उद्यासाठी काहीतरी राहायला हवं. सुटे भाग आणायला महिन्यातून एकदा लॅमिंग्टन रोड. असे साडेचार महिने गेले.

शेवटच्या दिवशी सेटला थेट वीज दिली नाही. मध्ये साठ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटलेलाच राहतो, ठीक असेल तर एकदा उजळतो आणि मंद होतो. तो उजळला आणि मंद झाला. मग वाल्वच्या काचेत नारिंगी ठिपका दिसला, पुढे अर्धा मिनिट काहीच नाही, आणि मग खर्रर्र. बायको आतून ओटा पुसायचं फडकं हातात घेऊन तशीच बाहेर आली.

ताई, माझ्या मते तुमचं काम अडलं ते जागेपायी. ज्याला मांडामांड लागते ते काम माणूस टाळतो. आधी तुमचा ट्रे शोधा.

खाडीकाठ

काका, मस्त! वाल्व सेट उघडणाऱ्या नवख्यांसाठी एक सूचनाही लिहाल का? माझ्या मित्राला जबर झटका बसला होता, आणि प्लग काढलेला होता.

तीनहातनाका

बरं झालं आठवण केलीत. प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहतो. तो रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आत हात घालू नये. आणि सिरीजचा बल्ब जुना तारेचाच हवा, एलईडी त्या कामाचा नाही.

मनमोकळा

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. हाती घेतलेली प्रत्येक गोष्ट पुरी केलीच पाहिजे का? मी तबला शिकलो, सोडला. बोन्साय केलं, सोडलं. मातीची भांडी करायला गेलो, चार वाट्या झाल्या, सोडलं. त्या चार वाट्यांत आजही घरी मीठ, जिरं, मोहरी, हळद असते. तबल्यामुळे गाणं ऐकायला शिकलो. सोडलेल्या कामांनीही मला बरंच दिलं आहे. अर्ध्या कामाचं ओझं वागवत राहण्यापेक्षा ते मोकळ्या मनाने बाजूला ठेवावं. गोधडी एक तृतीयांश झाली असेल तर तेवढ्याला कडा मारून टाका. लहान बाळाचं दुपटं होईल.

अबोली_चरई

मनमोकळा, तबल्याचं पटलं. पण आईच्या साड्यांची गोधडी आणि बोन्साय यांत फरक आहे हो.

मनमोकळा

फरक आहेच. म्हणून तर म्हणतो, ती अपराधासारखी खणात पडून राहायला नको. दुपट्यालाही आईच्याच साड्या असतील.

सुईदोरा (नेरूळ)

मनमोकळा, राग कसला! दुपट्याचा विचार रात्रभर डोक्यात होता. पण सकाळी उठल्यावर कळलं की मला ती पांघरायची आहे. पायापासून गळ्यापर्यंत. त्यामुळे दुपटं नको. बरं झालं तुम्ही लिहिलंत, नाहीतर मला हवंय काय हेच नक्की झालं नसतं.

काका, ट्रेचं अगदी वर्मावर बोट ठेवलंत. पण साडेपाच फुटांचा ट्रे कुठून आणू?

पावणेनऊची_पनवेल

मी ठाणे-पनवेल गाडीत विणते. क्रोशाचे चौकोन. ठाण्याला चढले की ऐरोलीपर्यंत उभी, बहुतेकदा रबाळे-घणसोलीला बसायला मिळतं, आणि नेरूळ येईपर्यंत एक चौकोन होतो. हातभर जागा पुरते. लोकरीचा एक गुंडा, एक सुई, आणि लोकर कापायला नखं कापायचं यंत्र, कारण गर्दीत कात्री उघडायला भीती वाटते.

सुईदोराताई, तुमच्यासारखंच माझंही एकदा पार थांबलं होतं. झालं असं की डब्यातल्या एकीने माझ्या बॅगेचं कौतुक केलं आणि एका प्रदर्शनवाल्यांशी गाठ घालून दिली. त्यांनी स्टॉलचे पैसे आगाऊ घेतले आणि वीस बॅगा मागितल्या, सगळ्या सारख्या, सगळ्या त्याच दोन रंगांत. मी दीड महिना गाडीत, घरी, दवाखान्याच्या रांगेतही विणत होते. मनगट सुजलं. ऐनवेळी माझा स्टॉल त्यांनी जिन्याखाली टाकला आणि सहा बॅगा विकल्या गेल्या. त्यानंतर आठ महिने मी सुईला हात लावला नाही. पैशांचं दुःख होतंच, पण खरं दुःख हे की गाडीतली माझी ती बावीस मिनिटं कुणाला तरी देऊन बसले होते.

पुन्हा सुरू कशी झाले तर डब्यातल्या एका आजींनी विचारलं, "का गं, हात रिकामे?" एवढंच. दुसऱ्या दिवशी पिशवीत लोकर टाकली. आता विकत नाही. कुणाला दिलं तर देते.

ठाणेकर_अभी

हे विकण्याचं अगदी खरं. मी चित्रं काढतो, वय वर्षे एकोणीस. सगळे म्हणतात पेज काढ, रोज टाक, प्रेरणा टिकते. मी काढलं. पहिले पन्नास दिवस रोज चित्र. मग चित्र काढताना डोक्यात चित्र नसायचं, याला किती लाइक येतील ते असायचं. एका चांगल्या चित्राला अकरा लाइक आले आणि मी ते पुसून टाकलं. उपवन तलावाच्या कठड्यावर बसून काढलेलं होतं, पाण्यात येऊरच्या डोंगराची सावली. ते आता माझ्याकडे नाही, याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न असा की कुणालाच न दाखवता काम टिकतं का? मला कुणीतरी बघणारं लागतं, हेही खरं आहे.

खाडीकाठ

अभी, मित्रा, मी सीवूड्सला राहतो आणि गेली चार वर्षं रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, रेखाटनं करतो. तीनशेच्या वर झालीत. दाखवतो फक्त तिघांना. एक बहीण, एक जुने चित्रकलेचे सर आणि एक पक्षीवेडा शेजारी. बहीण म्हणते "छान", सर म्हणतात "मान जड झाली", शेजारी म्हणतो "हा मोठा रोहित, तू लहान लिहिलंयस". तिन्ही गोष्टी मला लागतात. तीन माणसं पुरतात. तीन हजार असती तर मानेचं कुणी सांगितलं नसतं.

रोहितांबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही. ते साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात, भरतीचं पाणी चढलं की आमच्या बाजूच्या पाणथळीवर येऊन उभे राहतात. म्हणजे मला मिळतो तो भरतीचा वेळ, आणि तो रोज सरकतो. आज सकाळी साडेसहाला तर चार दिवसांनी साडेनऊच्या पुढे.

पहिलं वर्ष मी पाय चुकीचे काढत होतो. वाटायचं गुडघा उलटा वाकतो. मग कळलं, मध्यावर दिसणारा तो सांधा गुडघा नाहीच, तो घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. हे कळल्यावर जुनी ऐंशी चित्रं काढून बघितली, सगळ्यांचे पाय खोटे. फाडली नाहीत. प्रत्येकाखाली पेन्सिलने लिहिलं, "घोटा". तिथून पुढचं काम खरं सुरू झालं. त्यामुळे तू पुसलंस त्याचं वाईट वाटलं. पुन्हा जा उपवनला. सावली तिथेच आहे.

ठाणेकर_अभी

उद्या सकाळी जातो. दादा, तिघांतला एक व्हाल का?

खाडीकाठ

आनंदाने. व्यक्तिगत निरोपात पाठव.

किल्लेदार

माझा अनुभव उलटा आहे. मला तारीख लागते. आमच्या सोसायटीत, कोपरखैरण्यात, दर दिवाळीला मुलांबरोबर किल्ला करतो. बारा वर्षांत एकदाही अर्धा राहिला नाही. माती येते, विटा येतात, गोणपाट भिजतं, वसुबारसेच्या आधी बुरूज उभे राहतात. आळीव पेरायचे ते आठवडाभर आधी, नाहीतर डोंगर बोडका दिसतो. दिवाळी कुणासाठी पुढे जात नाही, म्हणून काम होतं. तेच माझं लाकडी बुकशेल्फ तीन वर्षं गॅलरीत उभं आहे, कारण त्याची दिवाळी कधी येतच नाही.

सुईदोराताई, एक तारीख धरा. आईची पुण्यतिथी डिसेंबरात आहे ना? त्या दिवशी पांघरायची.

मोडीवाचक

किल्लेदार, दिवाळीचं पटलं, पण पुण्यतिथीची तारीख नको असं मला वाटतं. त्या दिवसाला आधीच पुष्कळ जड असतं. त्यात "नाही झाली" याचं ओझं पडलं तर?

मी तारखेशिवाय चालणारं काम सांगतो. आजोबांच्या ट्रंकेत मोडीतली कागदपत्रं निघाली, एकशे चाळीस पानं. मोडी शिकायला बसलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणजे अक्षरं ओळखू आली तरी शब्द कुठे तुटतो ते संदर्भावरून ठरवायचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या व्यवहारात ही लिपी होती आणि आता आपल्याच घरातला कागद आपल्याला वाचता येत नाही.

सुरुवातीला एक पान लावायला तीन आठवडे गेले. सोडून द्यायची वेळ दोनदा आली. अकरा ओळी लागल्या आणि बाराव्या ओळीतला एक शब्द लागेना. त्या शब्दापायी मी पाच महिने थांबलो होतो. पाच महिने! मग एके रात्री त्या जागी पेन्सिलने टिंबं दिली आणि पुढे गेलो. चाळीस पानांनंतर तोच शब्द पुन्हा आला, स्वच्छ अक्षरात. "खळे". शेतावरचं खळं. मागे जाऊन टिंबांवर लिहिलं तेव्हा हात थरथरत होता.

अडलेल्या जागी टिंबं देऊन पुढे जायचं, एवढं मी शिकलो. सुईदोराताई, तुमच्या गोधडीत अडलेली एखादी विशिष्ट जागा आहे का?

सुईदोरा (नेरूळ)

मोडीवाचक, तुम्ही विचारलंत आणि मी उठून खण उघडून बघितलं. आहे. चौथ्या साडीच्या तुकड्यावर येऊन थांबलेय. हिरवी इरकल. आई तीच नेसून मला कॉलेजच्या प्रवेशाला घेऊन गेली होती, रांगेत चार तास उभी होती. तिच्या काठावर हळदीचा डाग आहे. ओळ त्या डागावरून जाते. आजवर मला वाटत होतं ऑफिसमुळे थांबले.

अबोली_चरई

ताई...

पावणेनऊची_पनवेल

टिंबं द्या. त्या तुकड्याला वळसा घालून पुढची ओळ शिवा.

घणसोलीची_आजी

(आजी सांगतेय, मी नातू टाइप करतोय. तिला सगळा धागा वाचून दाखवला.)

पोरी, मी साताऱ्याकडची. सत्तर वर्षं गोधड्या शिवत आले. तुझी गोधडी अडली त्याची दोन कारणं आहेत आणि एक कारण शिवणाचंच आहे.

तू कच्चे टाके घातले नाहीस. म्हणून दरवेळी पसरायला लागते. पसरायची एकदाच. घरातली माणसं बाहेर गेली की जमीन पुसून कोरडी कर, खालची साडी ताण देऊन अंथर, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, डबे, काय असेल ते ठेव. मग मधला थर, मग वरचा. हाताने मधून कडेकडे सारखं कर, झोल राहू देऊ नको. आणि मग वितीवितीवर लांब लांब कच्चे टाके घाल, उभे आणि आडवे. हे एका दुपारचं काम. एकदा टाके पडले की थर हलत नाहीत. पुढे गोधडी पसरायचीच नाही. चटईसारखी गुंडाळायची, मांडीवर घ्यायची आणि हातभर उघडून तेवढंच शिवायचं. आम्ही चाळीत एका खोलीत नऊ माणसं होतो, तिथे मी अशाच शिवल्या. पक्की ओळ झाली की कच्चा दोरा ओढून काढ.

दोरा मेणावरून ओढून घे, गुंता होत नाही. एका वेळी हातभरापेक्षा लांब दोरा घेऊ नको, लोभ केला की गाठी पडतात. आणि पावसाळ्यात खणात ठेवू नको, सर्दावते, बुरशी धरते. आत्ताच काढ, ऊन दाखव.

दुसरी गोष्ट माझ्या सासूने शिकवली. ओळ संपली म्हणून थांबायचं नाही. ओळीच्या मध्ये थांबायचं. सुई अर्धी टाक्यात, दोरा ओवलेला, तशीच टोचून ठेवायची. दुसऱ्या दिवशी बसलीस की विचार करायला लागत नाही, हात आपोआप सुई ओढतो. ओळ पुरी करून ठेवलीस की दुसऱ्या दिवशी दोरा ओवा, गाठ मारा, कुठून सुरू करू बघा, तेवढ्यात दुधवाला येतो.

(नातू: आजी अजून एक सांगतेय. हळदीचा डाग धुवायचा नाही. त्याच्यावरून शिव.)

तीनहातनाका

आजी, नमस्कार! वाचता वाचता उठून माझ्या वहीकडे बघितलं. रेडिओचं काम चालू होतं तेव्हा मीही नकळत तेच करत होतो. जुना भाग काढून ठेवायचो आणि नवा दुसऱ्या दिवशी लावायचो. रिकामी जागा दिसली की हात जायचाच.

मोडीवाचक

आज पहिल्यांदा ओळीच्या मध्ये थांबलो. "सालमजकुरी" (म्हणजे सदर साली) पर्यंत. उद्याची उत्सुकता आत्तापासून आहे.

खाडीकाठ

आजींना माझाही नमस्कार. माझ्याकडे मात्र हे चालत नाही. पक्षी अर्ध्यावर ठेवला की उडून जातो आणि पाणी उतरतं. माझं काम त्याच बैठकीत पुरं व्हावं लागतं, मग दोन मिनिटांचं का असेना. मी दुसऱ्या दिवसासाठी फक्त वहीच्या कोऱ्या पानावर तारीख आणि भरतीची वेळ लिहून ठेवतो. कदाचित ती माझी टोचलेली सुई असेल.

मनमोकळा

आजींचं वाचून माझं मत थोडं बदललं हे इथे लिहितो. मी जी कामं सोडली ती सगळी "एक टप्पा झाला" म्हणून थांबवलेली होती. तबल्यावरचा पहिला कायदा (बोलांची रचना) झाला, थांबलो. चार वाट्या झाल्या, थांबलो. मध्येच थांबलो असतो तर परत गेलो असतो का, कुणास ठाऊक. तबला अजून घरात आहे.

किल्लेदार

मनमोकळा, तबल्याची शाई (मधला काळा गोल) तपासून घ्या आणि वादीही, म्हणजे ताण देणारी चामड्याची पट्टी. इतकी वर्षं पडून असेल तर वादी सुकते, घाईने ठोकाल तर तुटेल.

अबोली_चरई

जाड सुती दोरा ठाण्यात कुठे मिळेल? मीही एक दुपटं सुरू करतेय. स्वेटरांचं नंतर बघू.

पावणेनऊची_पनवेल

जांभळी नाक्याच्या बाजारात जा. शिवणसामानाच्या दुकानात गोधडीचा दोरा म्हणूनच माग. सकाळी जा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. रंग पक्का आहे का ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघ.

ठाणेकर_अभी

उपवनला जाऊन आलो. आज ढग होते, सावली नव्हती. पाणी राखाडी. तेच काढलं. खाडीकाठ दादांना पाठवलं, ते म्हणाले डोंगराची रेघ घाईत ओढली आहे. खरंच ओढली होती. परवा पुन्हा जातोय. हे चित्र पुसलेलं नाही.

सुईदोरा (नेरूळ)

तीन आठवड्यांनी येतेय. सांगण्यासारखं आहे म्हणूनच आले.

मागच्या शनिवारी मुलाला आणि नवऱ्याला सिनेमाला पाठवलं. फरशी पुसली. पाटा आमच्याकडे नाही, म्हणून तांदळाचा डबा, डाळीचा डबा, इस्त्री आणि मुलाचा डंबेल असे चार कोपरे धरले. आधीच्या ओळी होत्या तिथून पुढे कच्चे टाके घातले. ते दोघं आले तेव्हा शेवटची आडवी ओळ चालू होती. नवरा काही न बोलता चहा ठेवायला गेला.

रविवारपासून गोधडी गुंडाळून पलंगाच्या उशाशी आहे. रात्री नऊला मांडीवर घेते. पहिल्या दिवशी सात टाके घातले. फक्त सात. सुई टोचून ठेवली. दुसऱ्या दिवशी दीड ओळ. आता एकूण अकरा ओळी झाल्या आहेत. मुलगा अभ्यास करता करता गुंडाळीचं दुसरं टोक मांडीवर घेऊन बसतो, म्हणतो ऊब येते.

इरकलीच्या तुकड्यापाशी काल पोचले. टिंबं द्यायची की वरून जायचं, बराच वेळ ठरेना. डाग नखाएवढा आहे, कडेला पिवळा आणि मध्ये तपकिरी. मग वरून गेले. तीन टाके बसले त्यावर. तिसऱ्या टाक्यात सुई ठेवूनच झोपले, त्यामुळे आज तिथूनच सुरू करायचं आहे.

आजी, एक विचारायचं होतं. कडेच्या पट्टीला कोणता रंग घेऊ? आईची एक लाल काठाची साडी अजून शिल्लक आहे, पण काठ जरा विरलाय.

घणसोलीची_आजी

(नातू टाइप करतोय.) लालच घे. विरलेला असला तर दुहेरी दुमडून घाल, टिकतो. कोपऱ्यावर पट्टी कापू नको, नुसती मोडून वळव. आणि झाली की एकदा घणसोलीला घेऊन ये. मला हाताने बघायची आहे.